कलावतीचा कूलर

शेजारच्या बिराजदारकाकांकडे कूलर आहे, पण तो काकांसाठी नाही. मे महिन्यात सोलापूर तव्यासारखं तापतं, तेव्हा काका बनियनवर दारात बसून वर्तमानपत्रानं वारा घेतात आणि आत कूलर चालू असतो, कुंडीसाठी.

कुंडीत कॅलाथिया आहे. हिरव्या पानांवर कुणी ब्रशनं फिकट पट्टे ओढावेत तशी नक्षी, मागची बाजू जांभळी. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं, काकांनी ऐकलं ‘कलावती’. तेच कायम झालं.

काका वीजखात्यात वायरमन होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. काकू त्याआधीच गेल्या. उभा जन्म खांबांवर काढल्यामुळे काकांना सगळ्या दुखण्यांचं एकच कारण ठाऊक. पानाची कड जराशी करपली की, "लोड आला बघा तिच्यावर." बोअरचं पाणी जड, म्हणून कलावतीला फिल्टरचं. स्वतः बोअरचंच पितात. "आपली लाइन जुनी हाय, सर. चालतंय की." एकदा मी कौतुकानं पानाला बोट लावलं, तर केवढ्यानं ओरडले, "बेलचं बटण हाय का ते? हात काढा!"

त्यांची मुलगी पुण्याला असते. ती बोलवायची, हे कुंडीकडे बोट दाखवायचे. शेवटी मीच म्हटलं, "आठ दिवस मी सांभाळतो. जा तुम्ही." काकांनी दोन कागद भरून सूचना लिहून दिल्या आणि तीनदा मागे बघत रिक्षात बसले.

कुंडी माझ्या खोलीत आली. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला कोपऱ्यात खसखसलं. पाल असेल म्हणून वळलो, तर कलावतीची पसरलेली पानं हळूहळू उभी होत होती. एक पान दुसऱ्याला घासलं, तेवढाच तो आवाज. काकांच्या कागदात होतंच, अंधार पडला की ती रोज पानं मिटते.

काका चौथ्याच दिवशी परतले, पिशवीसकट थेट माझ्या दारात.

"का हो? करमलं नाही?"

"पोरगी लई चांगली हाय. जावईबी. पण दोघं कामावरनं यायला रात्र होती. तवर मी अन् टीव्ही." ते कुंडीसमोर स्टुलावर टेकले. बाहेर अंधारून येत होतं. पानं हलू लागली होती.

"तुमची काकू या टायमाला देवापुढं दिवा लावायची," काका म्हणाले. "बांगड्या वाजायच्या. ती गेली अन् घर एकदम गप झालं. या टायमाला घरात कायतरी हललं पाहिजे, सर."

मी बत्ती लावायला उठलो.

"थांबा की," काका हलकेच म्हणाले. "होऊ द्या तिचं."