राणेकाकांचं आकाशातलं सोनारकाम

विमान कंपनी चांगली की वाईट, हे लोक सीट किती मागे जाते, जेवण कसं असतं, हवाईसुंदरी हसून बोलते की नाही यावरून ठरवतात. आमचे राणेकाका ते जेवणाच्या डब्यावरच्या चांदीच्या कागदावरून ठरवतात. ट्रे समोर आला की जेवणाकडे ते बघतसुद्धा नाहीत. आधी तो कागद अलगद सोडवतात, टिश्यूने पुसतात, नखाने त्याच्या सुरकुत्या काढतात, उजेडाकडे धरतात आणि मग निकाल देतात. "माल बरो आसा." किंवा, "फाटको. ह्यांच्या विमानात परत बसूचा नाय." तोवर भात गार झालेला असतो.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत राणेकाकांचं आणि माझं दार समोरासमोर आहे. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. उंचेपुरे, आवाज खणखणीत, आणि बोटं इतकी जाड की मोबाइलवर एक अक्षर दाबलं तर तीन उमटतात. एरवी ते तुमच्या-आमच्यासारखं बोलतात. राग आला किंवा आनंद झाला, की थेट मालवणी सुरू होते. त्यांचा मुलगा निखिल टोरांटोला स्थायिक झाला आणि काकांच्या नशिबी लांबलांबचे विमानप्रवास आले. नुसतं बसणं ही काकांच्या लेखी शिक्षा आहे. "हात मोकळो ठेवूचो नाय," हे त्यांचं पालुपद. समोरच्या पडद्यावर सिनेमे असतात असं कोणी सांगितलं तर ते म्हणतात, "सिनेमा डोळ्यांनी बघतात. हातांनी काय करायचं?"

पहिल्या प्रवासात त्यांनी हातांनी वायरची पिशवी विणली. भाजी आणायला वापरतात तशी, हिरवी-पांढरी, बंद लावून पूर्ण. दुसऱ्या वेळी त्यांना वायर न्यायची आठवण राहिली नाही, म्हणून त्यांनी सीटच्या खिशातल्या कागदी पिशव्यांचा आकाशकंदील करायला घेतला. एक पिशवी पुरेना. ते रांगारांगांतून हिंडून उलटीच्या पिशव्या मागू लागले. आजोबांची तब्येत फारच बिघडलेली दिसते असं हवाईसुंदरीला वाटलं आणि विमानात कोणी डॉक्टर आहे का, अशी घोषणा झाली. एक डॉक्टर धावत आले. काकांनी त्यांना कंदिलाच्या कागदी करंज्या दुमडायला बसवलं. तो कंदील त्या दिवाळीत आमच्या गेटवर लागला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो कुठे जन्मला हे मी सांगत होते. वॉचमन वैतागला, पण मी सांगायची थांबले नाही.

मागच्या वर्षी निखिलचं लग्न झालं. सून दिव्या, तमिळ, गुणी मुलगी. म्हणजे या जानेवारीत तिची पहिली संक्रांत. आता पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने आलेच, आणि हलव्याचे दागिने म्हटलं की आमच्या सोसायटीत एकच नाव, सुनंदाकाकू राणे. आमच्या बिल्डिंगमधली एकही सून अशी नाही जिला काकूंनी नटवलं नाही. माझेही दागिने त्यांनीच केले होते. हलव्याचा एकेक काटेरी दाणा दोऱ्याच्या गाठीत पकडायचा, त्याचे सर करायचे आणि ते सर पुठ्ठ्यावर बसवायचे. गम लावलेला काकूंना चालत नाही. "गम लावायचा तर बाजारातूनच आणा की," असं त्या तोडून बोलतात.

पण काकूंच्या हातांना कंप सुटला. औषधं चालू आहेत, पण सुईत दोरा ओवणं राहू द्या, भरलेला कपसुद्धा धरवत नाही. त्यात संक्रांतीला दोघांनी टोरांटोला जायचं ठरलेलं, तर डॉक्टरांनी काकूंना इतक्या लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. काकू दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग काकांनी जाहीर केलं, "दागिने मी करतंय."

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. पुढचं हसण्यात गेलं.

काकांनी मनावर घेतलं. जेवणाच्या टेबलावर क्लास सुरू झाला. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडत आणि काकांच्या बोटांत दाणे फुटत. फुटलेले दाणे खाऊन खाऊन मला खोकला झाला. जे जमायचं ते दुसऱ्या दिवशी मुंबईच्या दमट हवेने चिकट होऊन एकमेकांना बिलगायचं. शेवटी एका सकाळी काका दार वाजवून आत आले. चेहरा असा की गड जिंकून आले आहेत. "गो शुभा, विमानात हवा कशी असते? कोरडी! ओठ फुटतात आपले. हलव्याक याच्यापेक्षा झकास जागा नाय. मी सगळे दागिने विमानातच करतलंय."

मी माझ्या बहिणीकडे टोरांटोलाच चालले होते. काकूंनी मला बाजूला घेतलं. "यांच्याकडे लक्ष दे. आणि काय वाटेल ते झालं तरी दागिने अर्धवट ठेवून उतरू देऊ नकोस. माझ्या सुनेची पहिली संक्रांत कोरडी जाता कामा नये."

विमानतळावर तपासणीत काकांची पिशवी अडली. डब्यांत लहान, मध्यम, मोठे असे चाळणीने वेगळे केलेले पांढरे काटेरी दाणे, जरी, पुठ्ठे, दोऱ्याची रिळं. कात्री नेता येत नाही म्हणून दोरा तोडायला दात साफ करायच्या दोऱ्याची डबी, तिला बारीकशी धारदार पट्टी असते. तपासणारी मुलगी साताऱ्याकडची निघाली. तिने डबा उघडला, हसली आणि म्हणाली, "काका, बांगड्या पण करणार?" "कमरपट्टा सोडून सगळा," काका म्हणाले. तिने स्वतः झाकण नीट लावून दिलं.

विमान वर गेलं, पट्टे सुटले आणि काकांनी ट्रेवर दुकान मांडलं. मी मधल्या सीटवर. खिडकीशी एक जाडजूड शांत गृहस्थ. काकांनी चष्मा नाकावर ओढला आणि पहिली गाठ मारली. दाणा फुटला नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. खरंच, त्या कोरड्या हवेत हलवा कसा खडखडीत राहिला होता! बिंदी झाली, कुड्या झाल्या, नथ झाली. त्या जाड बोटांतून नथ उतरताना बघणं म्हणजे मजाच होती. बांगड्या झाल्या, बाजूबंद झाले. काका गुणगुणू लागले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या ठाण्याच्या बाई पाय मोकळे करायला उठल्या. त्यांची नजर ट्रेवर गेली. "अय्या, तिळगूळ!" असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे केला.

काकांनी त्या हाताकडे बघितलं, हलव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. संक्रांतीच्या दिवसांत पुढे आलेला हात रिकामा कसा पाठवायचा? त्यांनी चिमूटभर दाणे बाईंच्या तळहातावर ठेवले. "घ्या. गोड बोला," असं ते ज्या सुरात म्हणाले त्या सुरात लोक नोटीस देतात.

मग बाईंचे यजमान आले. मग त्यांच्या सासूबाई. त्यांचं पाहून पलीकडचा पंजाबी मुलगा आला, एक कॅनडाच्या आजी आल्या, त्यांना वाटलं ही विमान कंपनीचीच पद्धत आहे. हवाईसुंदरीनेही हात पुढे केला.

"काका, पुरे म्हणा ना आता," मी कुजबुजले.

"कसा म्हणू गो? हात पुढे केल्यान ना त्येनी!"

याहून वाईट म्हणजे, खिडकीजवळच्या गृहस्थांना मी मगाशी एक डबा धरायला दिला होता. हारासाठी निवडून ठेवलेले सगळ्यात सारखे दाणे होते त्यात. ते गृहस्थ बडीशेप समजून ते कधीपासून शांतपणे खात होते. डबा परत देताना त्यांनी "नाइस" असं म्हटलं.

हार अर्धाच झाला होता आणि हलवा संपला. काका हात मांडीवर ठेवून बसले. इतक्या वर्षांत त्यांचे हात नुसते पडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"काका, जाऊ दे ना," मी म्हटलं. "हार तयार मागवू. ऑनलाइन मस्त मिळतात. काकूंना कोण सांगणार आहे?"

काकांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, तेही मालवणीत नाही, "हिची पहिली संक्रांत झालीच नाही, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"उन्हाळ्यात लग्न झालं आमचं. संक्रांतीच्या तोंडावर माझे वडील गेले. मग वर्षभर सण नाही. आईने हलवा आणून ठेवला होता, तो शेजाऱ्यांना वाटून टाकला. पुढच्या वर्षी कोण घालतो? पहिली ती पहिली. ही काही बोलली नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षीपासून दुसऱ्यांच्या सुनांचे दागिने करायला लागली. सगळ्या बिल्डिंगला नटवलं, पण एकदासुद्धा बांगडी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली नाही. मी बघत होतो ना." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून ती सांगते तसाच व्हायला हवा हार. विकतचा चालणार नाही."

तेवढ्यात जेवणाची गाडी आली. काकांनी सवयीने चांदीचा कागद सोडवला, पुसला, उजेडाकडे धरला आणि तसेच थांबले. मग त्याचा एक तुकडा फाडला, दोन बोटांत वळला आणि हलव्याच्या दाण्याशेजारी ठेवला. तंतोतंत तेवढाच.

"मानेमागे केसांखाली कोण बघता?" काका म्हणाले. मालवणी परत आली म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

ठाण्याच्या बाईंना सगळा प्रकार कळला तेव्हा त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या स्वतः रांगारांगांतून चांदीचे कागद गोळा करून आल्या. सासूबाई कागद पुसायला बसल्या. खिडकीजवळच्या गृहस्थांना कोणीतरी त्यांचा अपराध समजावून सांगितला. ते लाल झाले आणि मग उतरेपर्यंत मणी वळत राहिले. सगळे मणी सारखे, एकही मोठा-लहान नाही. वजनकाट्याच्या माणसाने प्रत्येक मणी तपासून घेतला होता. पुढे हलवा, मागे चांदी, आणि सगळीकडे गाठ. पट्टे बांधा अशी सूचना झाली तेव्हा काकांनी शेवटचा दोरा तोडला. त्यांनी हार दोन्ही हातांवर उचलून धरला, तेव्हा आजूबाजूच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मला असा अभिमान वाटला की विचारू नका. "आमच्या मुलुंडचे आहेत," असं मी त्या कॅनडाच्या आजींना दोनदा सांगितलं.

निखिलच्या घरी पोचल्याबरोबर काकूंचा व्हिडिओ कॉल. काकूंनी बांगड्या बघितल्या, नथ बघितली, बाजूबंद उलटून दाखवायला लावले. हाराशी आल्या आणि म्हणाल्या, "मागची बाजू दाखवा."

काकांनी दाखवली.

"हे काय चमकतंय?"

काकांनी सगळं खरं सांगितलं. तिळगूळ, बडीशेप, कागद. काकूंनी चेहरा पडद्याला लावून ते मणी निरखले.

"म्हणजे जेवलात की नाही तुम्ही? का नुसता कागदच सोडवत बसलात?" मग जरा थांबून, "गाठी बऱ्या आल्या आहेत."

हे "गाठी बऱ्या आल्या आहेत" काकांनी पुढचे कित्येक दिवस भेटेल त्याला सांगितलं. संक्रांतीला दिव्या काळी साडी नेसून, ते सगळं अंगावर घालून बसली तेव्हा इतकी गोड दिसली की निखिल नुसता बघत राहिला. तिने फोन हारावर फिरवून सासूला एकेक गाठ दाखवली.

परतीच्या विमानात काका पुन्हा माझ्या शेजारी होते. या वेळी ट्रे बंद. मांडीवर विमानाचं पांघरूण, आणि पांघरुणाखाली हात चाललेले. मधूनच कडकड आवाज यायचा. तिथल्या भारतीय दुकानातून त्यांनी हलव्याची पाकिटं घेतलेली मी पाहिली होती.

"आता कोणासाठी, काका?"

"टाइमपास," ते म्हणाले. "गप ऱ्हव गो. कोण तरी हात पुढे करतला."

मला वाटलं, बी विंगमधल्या जोशींच्या सुनेसाठी असेल.

रथसप्तमीच्या आधी एका दुपारी काकांनी माझं दार वाजवलं. "फोटो काढायला ये." एवढंच बोलून ते परत फिरले.

सुनंदाकाकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. जुनी काळी चंद्रकळा नेसवलेली होती, निऱ्या वेड्यावाकड्या, त्या कोणी घातल्या असतील ते उघड होतं. कपाळावर बिंदी, नाकात नथ, गळ्यात हार, हातभर बांगड्या. या वेळी कमरपट्टासुद्धा. आणि काकू प्रचंड रागावलेल्या.

"शुभा, तूच सांग यांना. या वयात हे शोभतं का? लोक काय म्हणतील! पहिली संक्रांत आहे का ही माझी?"

"झालीच नाही ना ती," काका दारातून म्हणाले. "मग हीच पहिली."

काकू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या. काका "चहा टाकतो," असं पुटपुटत स्वयंपाकघरात गेले, आणि बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही.

मी फोन सरसावला. एरवी घरात कोणी आलं की काकू हात पदराखाली घेतात, कंप दिसू नये म्हणून. आताही त्यांनी हात पदराकडे नेला. तो थरथरत होताच, आणि त्याबरोबर हलव्याच्या बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजायला लागल्या. काकूंनी हात तिथेच थांबवला. ऐकत राहिल्या.

"अगं, वाजतायत बघ कशा!" असं म्हणून त्यांनी तो हात चांगला उंच, माझ्यासमोर धरला, आणि मग आतल्या दिशेने मोठ्याने हाक मारली, "अहो, ऐकलंत का? इकडे या ना!"