दस्तगीरमामांची नोंद

आमच्या न्हावऱ्यात ज्या ज्या घरात कंप्युटर होता, त्या कंप्युटरच्या डब्यावर डाव्या अंगाला गेरूनं तारीख लिहिलेली असायची. तारखेखाली रेघ आणि रेघेखाली 'द. मु.' अशी अक्षरं. नव्या पाहुण्याला वाटायचं, दसऱ्याला पूजा केलेली दिसते. कसली पूजा! ती दस्तगीर मुलाणी यांची सही होती.

दस्तगीरमामा म्हणजे मलेरिया खात्यातले निवृत्त आरोग्य सेवक. बत्तीस वर्षं सायकलवर गावोगाव हिंडले. दारात उभं राहून विचारायचं, "घरात ताप कुणाला हाय का?" कुणाला असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर आल्याची तारीख लिहून पुढच्या घरी जायचं. नोकरी संपली, पण हात काही थांबेना. मामांच्या घरी लोणच्याच्या बरणीवर तारीख, गॅसच्या टाकीवर तारीख, शेळी गाभण राहिली त्याची गोठ्याच्या खांबावर तारीख. मामी म्हणायच्या, "माझ्या कपाळावर निकाहाची तारीख लिवली न्हाई, येवढं नशीब समजा."

कुणी काही बोललं की मामांचा एकच सवाल असायचा, "नोंद हाय का?" यंदा पाऊस कमी आहे म्हणा, "किती कमी? नोंद हाय का?" दोन म्हातारे पारावर 'माझा नातू मोठा की तुझा' म्हणून भांडत असले, तर मामा घरी जाऊन डायरी घेऊन यायचे आणि दोघांचंही तोंड बंद करायचे. माझी पत्रिका काढायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, जन्म दिवेलागणीचा. मामा ओसरीवरूनच म्हणाले, "सहा वाजून दहा मिंटं. मी दारात गोळ्या वाटत हुतो." आमच्या घरच्या बायकांना कळायच्या आत मामांना कळलं होतं म्हणायचं!

अशा बत्तीस डायऱ्या होत्या. गावोगावच्या जन्मांच्या, लसीच्या, तापाच्या. मी तेव्हा एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या गाळ्यात कंप्युटर क्लास काढला होता. सहा मशिनी, एक पंखा. आता त्याच गाळ्यात मी मोबाईलच्या काचा बदलतो आणि मामा जाऊनही बरीच वर्षं झाली, पण क्लास म्हटलं की मला पोरं आठवत नाहीत, मामा आठवतात. साठी उलटलेला माणूस, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, दोन बोटांनी टाइप करतोय आणि मधेच ओरडतोय, "आरं सुनील, ह्यांनी 'ळ' कुठं दडवलाय?"

दोन वर्षं खपून त्यांनी सगळ्या डायऱ्या कंप्युटरात घातल्या. घरवार याद्या केल्या. आणि मग पेन ड्राइव्ह ताइताच्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि ज्यांच्या घरी कंप्युटर होता त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "ही तुमच्या घराची नोंद. कोण कवा जल्मलं, समदं हाय. जपून ठेवा." लोकांना अप्रूप वाटलं. मामा आठ दिवस तरंगतच होते.

मग एका सकाळी क्लास उघडायच्या आधीच दारात हजर. चेहरा उतरलेला.

"सुनील, माझ्या डायरीच्या पोटात अजून येक डायरी हाय. आन् तिच्या पोटात अजून येक."

मी पेन ड्राइव्ह लावून बघितला. त्या दिवसांत एक व्हायरस सगळीकडं बोकाळला होता. प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर तयार करायचा. दिसायला फोल्डर, पण उघडायला गेलं की मशीन गोगलगाय. मी सहज म्हणालो, "व्हायरस आहे, मामा. त्याला काय, सगळ्यांकडंच असतो."

"समद्यांकडं म्हंजी कुणाकुणाकडं? नोंद हाय का?"

झालं! मी उगाच तोंड उघडलं. मामांनी खिशातनं वही काढली. कुठल्या तारखेला कुणाच्या घरी पेन ड्राइव्ह लावला, सगळं लिहिलेलं होतंच. चार दिवस घरोघर फिरून पुन्हा तपासणी केली आणि पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर एक तक्ता अंथरला.

"पयला रुग्ण सापडला. तुझी तीन नंबरची मशीन."

मी भडकलो. "कशावरनं?" म्हटलं. मामांनी शांतपणे बोट ठेवलं. नागपंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत दिलेली घरं स्वच्छ. नागपंचमीला पुढच्या घरांच्या याद्या पेन ड्राइव्हवर घ्यायला मामा आले, तेव्हा दोन नंबरच्या मशीनचा माउस बिघडला म्हणून मी त्यांना तीन नंबरवर बसवलं होतं. त्यानंतरचं घरन् घर बाधित. मला कोर्टात उभं केलं असतं तरी मी सुटलो नसतो.

"मामा, हात जोडतो, बोभाटा करू नका. क्लास बंद पडंल माझा."

"बोभाटा कशाला? जंतू तुझा, पर डास मी हाय. दोगांनी मिळून निस्तरायचं. येक घर ऱ्हायलं तरी साथ पुन्यांदा उठती."

मामांना काय लागलं होतं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. बत्तीस वर्षं ज्या माणसानं लोकांच्या दारातनं रोग बाहेर काढला, त्याच्याच हातानं रोग लोकांच्या घरात गेला होता. त्यांना रात्रीची झोप लागत नव्हती, हे मला मामींनी नंतर सांगितलं.

यादीत एकोणीस घरं होती. माझी मोटरसायकल, मागं मामा, त्यांच्या मांडीवर शिरूरहून आणलेली अँटिव्हायरसची सीडी आणि गेरूचा डबा. दारात गेलं की मामा आधी विचारायचे, "मशीन दमती का? किती दिवसांपास्नं?" मग हात जोडून म्हणायचे, "माझ्या हातनं आलंय. माफी आसावी." लोक ओशाळायचे. एक जण म्हणाला, "आवो मामा, आमाला वाटलं कंप्युटर आसाच चालतुया. उलट बैलापरास बरा हाय म्हणत हुतो आमी."

मी काळ्या पडद्यावर कमांड मारून लपलेल्या फायली बाहेर काढायचो आणि पुसायचो. मग सीडी लावायची आणि तासभर बसायचं. मामा माझ्या खांद्यावरनं वाकून बघत असायचे.

"मेला का?"

"मेला, मामा."

"आन् अंडी?"

"अंडीबी काढली."

"बग नीट. मागं ऱ्हायली की आठ दिसांनी हाय पुन्हा तमाशा."

मग डब्यावर तारीख पडायची. केंदूरला एका पुढाऱ्याच्या घरी मात्र आम्हाला उंबऱ्यावरच अडवलं. पुढारी म्हणाले, "आमच्या घरात असलं काय येत न्हाई." मामा म्हणाले, "साहेब, डास पार्टी बघत न्हाई." पुढारी हसले आणि बाजूला झाले. त्यांच्या मशीनमधून सगळ्यात जास्त माल निघाला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

अठरा घरं झाली. मी मोकळा श्वास घेतला. एकोणिसावं नाव बघितलं आणि गाडीची किल्ली तशीच हातात राहिली. 'बबन शेलार, मांडवगण.'

बबनअण्णांचं नाव मामांच्या घरात काढायची सोय नव्हती. दोघं बावीस वर्षं एकाच भागात नोकरीला, दोन सायकली बरोबर निघायच्या, भाकरी एका फडक्यातली. एकदा अण्णांची बायको आजारी पडली. अण्णा तिला घेऊन दवाखान्यात, आणि कामाला खाडा नको म्हणून एका दुपारी अकरा घरांच्या भिंतींवर तारखा लिहून मोकळे झाले. ताप कुणाला आहे, हे एकाही दारात विचारलं नाही. नेमका त्यातल्या एका घरात ताप निघाला. पोरगी वाचली, पण चौकशी लागली. साहेबांनी मामांना विचारलं, बबननं घरोघर ताप विचारला होता का? मामा म्हणाले, न्हाई. अण्णांची बदली लांब वेल्ह्याच्या डोंगरात झाली. आजारी बायको इकडं, नवरा तिकडं. तेव्हापासून पंधरा वर्षं दोघांत शब्द नव्हता. अण्णांची बायको गेली तेव्हा मामा एसटीनं मांडवगणला गेले होते. स्टँडवर उतरले आणि त्याच गाडीनं माघारी आले.

"मामा, अण्णांकडं पेन ड्राइव्ह कधी गेला होता?"

"धाडला हुता कुणाच्या तरी हाती."

"कुणाच्या?"

मामा गेरूच्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिले. "ध्यानात न्हाई," म्हणाले. "गाडी काढ."

ज्या माणसाला माझ्या जन्माचं मिनिट ध्यानात होतं, त्याला हे ध्यानात नव्हतं! पण मी गाडी काढली.

बबनअण्णा पडवीत खाटेवर बसले होते. चष्मा वर करून बघितलं आणि तसेच राहिले. सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्याही थबकल्या. मामा पायरीखाली उभे. अण्णांकडं न बघता, दाराच्या चौकटीकडं बघत बोलले, "तुमच्या मशीनला माझ्याकडनं रोग आलाय. काढायला आलोय."

बावीस वर्षं ज्याला 'बबन्या' म्हटलं, त्याला 'तुमच्या'.

अण्णांनी नुसती मान हलवली. कंप्युटर पडवीतच होता. मी चालू केला. फोल्डर उघडून बघितले. सगळे सरळ. कमांड मारली, काही नाही. सीडी लावली. पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि पडद्यावर शून्य आलं. मशीन धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती.

सूनबाई म्हणाल्या, "पर आमच्याकडं पेन ड्राइव्ह आलाच न्हाई कवा. नातू पुण्याला गेल्यापास्नं ह्याला कुणी हातबी लावला न्हाई."

मी मामांकडं बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या घरात काही आलंच नव्हतं. म्हाताऱ्याला फक्त आत यायला निमित्त पाहिजे होतं आणि त्यासाठी यादीत एक नाव वाढवलं होतं. आधी मला हसू आलं, मग मी पडद्याकडं तोंड फिरवलं.

"काय सापडलं का?" अण्णांनी मला विचारलं.

मी ठोकून दिलं. "सापडला, अण्णा. बारका होता. काढला."

"आवो, पर..." सूनबाई बोलायला लागल्या.

"गप गं पोरी," अण्णा म्हणाले. "दस्तगीरनं लिवलंय म्हंजी आला आसंल. त्याची नोंद कवा चुकत न्हाई."

अण्णा हे टोमणा मारून बोलले की मनापासून, हे मला आजवर कळलेलं नाही. पण मामांना ते सहन झालं नाही. खिशातली वही त्यांनी बाहेर काढली, उघडली आणि तशीच अण्णांपुढं धरली.

"खोटी हाय ही नोंद, बबन्या. न जाता लिवली मी."

मी मान खाली घालून सीडी काढायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, बटण दिसेना. मग खाट करकरली. अण्णा एका बाजूला सरकले होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "वर ये. बस."