शहारे मॅडम कोणालाच ओळखत नाहीत

शहारे मॅडम आमच्या शेजारी राहतात. दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावरून गेली बारा वर्षं कढीपत्ता, वर्तमानपत्र, वाटीभर भाजी आणि जगभरच्या गप्पा ये-जा करतात. पण गोंदियाजवळचा आमचा फुलचूरचा नाका ओलांडला की मॅडम मला ओळखत नाहीत.

अजिबात नाही. एकदा आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या बाजारात त्या वांग्यांच्या ढिगासमोर उभ्या दिसल्या. मी आपुलकीनं म्हटलं, मॅडम, ही किडकी आहेत, पलीकडच्या म्हातारीची घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्यातून आरपार, मागे उभ्या असलेल्या मोटरसायकलीकडे पाहिलं. मग किडकीच वांगी घेतली आणि चालत्या झाल्या. संध्याकाळी भिंतीवरून विचारतात कशा, "बोरकरजी, म्हातारीची वांगी कशी निघाली?"

आता मी झाडीपट्टीच्या नाटकांतून तीस वर्षं विनोदी कामं करणारा माणूस. सालेकशाच्या पलीकडे, जिथं मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथली पोरंसुद्धा मला पाहून माझी नाटकातली चाल चालून दाखवतात. अशा माणसाला त्याची सख्खी शेजारीण चारचौघांत ओळखत नाही, हे दुःख मी दोन वर्षं गिळलं. तिसऱ्या वर्षी भिंतीवरून सरळ विचारलं, की मॅडम, माझं चुकलं काय?

"चुकलं कायले? मी कोणालेच ओळखत नाही," मॅडम म्हणाल्या. "सब बराबर."

मॅडम सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहेत, गुप्तरोगांच्या. त्यांच्या खोलीवर पाटी आहे, पण ती वाचायला कोणी थांबत नाही. लोक तिला 'शेवटची खोली' म्हणतात. तिथं येणारा माणूस मॅडमना जे सांगतो, ते त्यानं देवालाही सांगितलेलं नसतं. आता अशा माणसाला बाजारात नमस्कार केला, तर शेजारी उभा असलेला विचारणार, मॅडम तुला कशी ओळखते बे? आणि त्याला सोडून इतरांनाच नमस्कार केला, तर त्या बिचाऱ्याला वाटणार, माझी किळस आली. म्हणून मॅडमनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी नियम केला, की रस्त्यावर कोणालाच ओळखायचं नाही. तलाठी असो, दूधवाला असो, सब बराबर. एसटी स्टँडवर त्यांनी सख्ख्या आत्यालाही ओळख दाखवली नाही. आत्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, सरकारी नोकरी लागली आणि भाचीला घमंड आली.

आमच्याकडे उन्हाळ्यात स्कूटीवरची प्रत्येक पोरगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते. मॅडम बारा महिने गुंडाळतात. लग्नांना त्या जात नाहीत. पूर्वी एकदा गेल्या होत्या, तेव्हा त्यांना मांडवात पाहून नवरदेवाला दरदरून घाम फुटला. वधूपक्षाला वाटलं, ऊन लागलं. तेव्हापासून मॅडम आहेर पाठवतात, स्वतः जात नाहीत, आणि हळूहळू लोकही पत्रिका देईनासे झाले.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, लिहा, पण मला कोणी ओळखेल असं लिहू नका. म्हणून त्या उंच की बुटक्या हे मी सांगणार नाही, आणि शहारे हे नावही माझ्या पदरचं आहे.

मॅडम कधी कोणाचं नाव सांगत नाहीत. वय, गाव, जात, काही नाही. शेतकऱ्यानं पिकाचा अंदाज द्यावा तसं हंगामाचं तेवढं सांगतात. पूर्वी म्हणे ट्रकवाले यायचे, राईस मिलवाले यायचे, बाहेरगावी कामाला जाऊन आलेले यायचे. आता पाठीवर कॉलेजची बॅग घेऊन येतात. "ज्यानं आतापर्यंत एकदाच मतदान केलं, तो येऊन राहिला," असं त्या म्हणतात. मोबाइलवर सगळं पाहून येतात. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून, ती तीन महिने चोळून, गोष्ट पुरती बिघडवून मग येतात. पोरीही येऊ लागल्या आहेत, स्कार्फमधून नुसते डोळे दिसतात. पूर्वी पोरी यायच्याच नाहीत. त्यांना उष्णता झाली आहे असं घरचेच ठरवायचे.

आणि पोरांपैकी एकालाही स्वतःला काही झालेलं नसतं. मित्राला झालेलं असतं. "गोंदियात मित्रप्रेम फार आहे जी," मॅडम गंभीर चेहऱ्यानं सांगतात. "दर सोमवारी कोणी तरी मित्रासाठी गोळ्या न्यायला येते. मी म्हणते, बस बेटा, मित्राची पँट उतरव, डॉक्टर पाहतील."

असल्या बाई मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी गंमत बाजूला ठेवून भिंतीशी आल्या. म्हणाल्या, "बोरकरजी, इथल्या कॉलेजात तुमचं नाटक आहे ना?"

होतं. स्वच्छतेवर वीस मिनिटांचं प्रहसन करायचं होतं. प्राचार्यांनी मुद्दाम बजावलं होतं, की विनोद निर्मळ हवा.

मॅडमनी मग गोष्ट सांगितली, नाव न घेता. एक पोरगी आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची. तिला औषध दिलं, ती बरी झाली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच घेऊन आली. पुन्हा औषध, पुन्हा बरी. आता तिसऱ्यांदा आली ती ओटीपोट धरूनच. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच चालू राहिलं तर पुढे गर्भ राहणं कठीण होईल. गोळ्यांत खोट नव्हती. खोट होती ती पोरीच्या मित्रात. तो औषध घेत नव्हता. त्याला कसलाच त्रास नव्हता, म्हणून तो म्हणायचा, मी ठणठणीत आहे, मी कायले गोळ्या खाऊ? पोरीनं त्याचं नाव सांगितलं नाही आणि मॅडमनी विचारलं नाही. तो त्या कॉलेजात शिकतो, एवढंच तिच्या बोलण्यातून निघालं होतं.

मी म्हटलं, तुम्हीच जाऊन भाषण द्या. मॅडम म्हणाल्या, मी मंचावर दिसली तर माझी चार पोरं खिडकीतून उड्या मारतील. आणि प्राचार्य या विषयाला हो म्हणणार नाहीत ते वेगळंच.

त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर चार वाक्यं होती. नाटकात काय हसवायचं ते हसवा, पण मध्ये थांबून ही चार वाक्यं सरळ म्हणा, एवढीच त्यांची मागणी. सोपं वाटतं? तीस वर्षांत मी मंचावर एक वाक्य सरळ म्हटलेलं नाही. आठवडाभर भिंतीपलीकडून तालीम चालली. मी म्हणायचो, त्या म्हणायच्या, "भुवई उडाली. परत." मी पुन्हा म्हणायचो, त्या म्हणायच्या, "आता आवाज रडका झाला. परत." आमची ही स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा म्हणाली, अजी, एवढं तर आपल्या लग्नाच्या बोलणीतही सरळ बोलले नव्हते तुम्ही.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. मी झालो होतो मेडिकलवाला. माझा जोडीदार पोरगा होऊन आला आणि मित्रासाठी ट्यूब मागू लागला. मित्र कुठं आहे, मी विचारलं. बाहेर उभा आहे, तो म्हणाला. मी वाकून बाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"मंग तू काऊन खाजवून राहिला बे?"

हॉल कोसळला. मागची पोरं बाकं बडवू लागली. पहिल्या रांगेत प्राचार्यांनी रुमाल काढला. ते हसू ओसरू दिलं आणि मी पुढे आलो. हात सरळ खाली, भुवया जागेवर.

"ज्याला त्रास होत नाही, त्याच्याही अंगात रोग असू शकते. एकट्यानं औषध घेऊन भागत नाही, दोघांनी घ्यायचं. सरकारी दवाखान्यात शेवटची खोली आहे. तिथं तुमचं खरं नाव कोणी विचारत नाही."

मग मी पुन्हा मेडिकलवाला झालो, साबणानं हात धुवा म्हणालो आणि पडदा पडला. प्राचार्य मंचामागे आले. म्हणाले, "स्वच्छतेचा विषय तुम्ही जरा फारच आतून मांडला."

त्यानंतरच्या सोमवारी मॅडम भिंतीशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, की गोंदियातले मित्र वाढून राहिले. पण त्यांतला तो कोणता, आणि मुळात तो आला का, हे कळायचा मार्ग नव्हता. पोरीची पुन्हा तपासणी व्हायची तेव्हाच ते दिसणार होतं. मी रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसायचो. मॅडम टमाट्याच्या भावाबद्दल बोलायच्या. मी विचारायचो नाही. विचारलं तर त्या भिंतीवरूनही मला ओळखणार नाहीत, याची मला खात्री होती.

फेब्रुवारीत एक दिवस त्या दवाखान्यातून आल्या. चप्पलही न काढता सरळ भिंतीशी आल्या.

"साफ आहे," त्या म्हणाल्या. "पोटही दुखत नाही. त्यानं गोळ्या घेतल्या म्हणे, नाटक पाहून शेवटच्या खोलीत आला होता. गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं तिले."

मी टाळी दिली. म्हणजे द्यायला हात पुढे केला, पण मॅडमचं लक्षच नव्हतं.

"जाता जाता दारात थांबली ती," मॅडम म्हणाल्या. "विचारते, मॅडम, तुमच्या घरी कोण कोण आहे? एवढ्या वर्षांत मले कोणी विचारलं नव्हतं जी. मीच सगळ्यायले विचारते. घरी कोण, सोबत कोण, झोपता कुठं."

"मग काय सांगितलं?"

त्या भिंतीवरची धूळ बोटानं पुसत राहिल्या.

"म्हटलं, भाऊ आहे. वहिनी आहे. भाऊ नाटकात काम करते." मग म्हणाल्या, "पेशंटसमोर पहिल्यांदा खोटं बोलली मी, बोरकरजी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. आमच्या हिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं.

"अजी, नणंदेले बाहेर काऊन उभं ठेवलं? मानपान समजते का नाही तुम्हाले? पानं वाढली आहेत, आत आणा तिले."

मॅडम आल्या. अगदी नणंदेसारख्या आल्या. पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, वहिनी, वरण अळणी झालं.