लांजेवार सरांची कॉमेंट

आमच्या शेजारचे लांजेवार सर कॉलेजात गणित शिकवतात आणि घरी बसून विद्यार्थ्यांच्या रील तपासतात. तपासतात म्हणजे अक्षरशः तपासतात. एका पोरानं गॉगल लावून नाचाची रील टाकली, तर सरांनी खाली लिहिलं, 'डावा हात ४५ अंशांत हवा, तुझा ३० आहे. चाचणीतही कोन असाच चुकला होता.' त्या कॉमेंटला नाचापेक्षा जास्त लाइक मिळाले.

पूर्वी ते मोबाइलच्या नावानं नुसते खडे फोडायचे. वर्ग रिकामा, अर्धे नापास आणि पोरं दिवसभर ऑनलाइन. एक दिवस त्यांनी मला गाठलं. "मले इन्स्टाचं खातं काढून दे गा. पोरं जिथं सापडतात तिथं हजेरी घेतो." मी दिलं काढून. ती चूक माझी.

मग वाढदिवसाच्या फोटोखाली, 'हा केक सात जणांत समान कापून दाखव.' साखरपुड्याच्या फोटोखाली, 'अभिनंदन. सिद्धता बाकी आहे.' पोरं वैतागून ब्लॉक करतात. सर वहीत त्या नावापुढे 'गैरहजर' लिहितात.

एका रविवारी सकाळीच ते दारात उभे. चेहरा उतरलेला.

"सेकंड इयरच्या वैष्णवीनं नऊ दिवसांपासून काहीच नाही टाकलं."

"बरं झालं की, सर. अभ्यास करत असेल."

"रोज तीन रील टाकते गा ते पोरगी! नऊ दिवस शून्य? असं होतच नाही."

त्यांनी तिच्या मैत्रिणींना फोन केले होते. गणितात नापास झाल्यावर ती भिवापूरला घरी निघून गेली होती. परीक्षेचा फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते. नाही भरला तर वर्ष गेलं. आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. मागे बसून सर दर दहा किलोमीटरला मला माझा सरासरी वेग सांगत होते. तो घसरत चालल्याबद्दल ते नाराज होते.

वैष्णवीच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. सर शिंकत शिंकत खाटेवर बसले. पोरगी दारातूनच बोलली, "मले नाही जमत गणित, सर. फोन बी बंद करून ठेवला."

"काहून वं?"

"सगळे पास झाल्याचं टाकून राहिले. मी काय टाकू?"

आता सर हिशोब मांडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी रुमालानं नाक पुसलं.

"मी बी नापास झालो होतो," ते म्हणाले. "गणितातच. वर्षभर घरी बसलो. कॉलेजातून कोणी विचारायले येते का म्हणून रोज वाट पाहत बसलो. कोणीच नाही आलं."

इतक्या वर्षांच्या शेजारात मला हे माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

सरांनी पिशवीतून फॉर्म काढला. वैष्णवीची सही सोडून बाकी सगळं त्यांनी आधीच भरलं होतं. ती पुढे आली आणि पेन हातात घेऊन थांबली.

"अन् पुन्हा नापास झाली त?"

"त पुन्हा येईन," सर म्हणाले.