दिवाळखोराच्या घरी दोन सोफे

सोफे बनवणाऱ्या कारागिराच्या घरात सोफा नव्हता. त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कोर्टाचा माणूस मालमत्ता मोजायला येणार होता, आणि कारागीर निर्धास्त होता. दिवाळखोर ठरला की फोमवाल्याचा तगादा थांबणार होता, शिलाई मशीन जप्तीतून सुटणार होतं.

तो अंघोळीला गेला आणि घात झाला.

"परका माणूस येणार, बसायला काय सतरंजी?" म्हणत बायकोने शेजारून दोन सोफे मागून आणले.

(इथे कायदा मध्ये येतो. कायदा दोन गोष्टी विचारतो. सगळं विकलं तर देणं फिटेल का? आणि आजचं देणं आज देता येतं का? परका माणूस कशावर बसेल, हे तो विचारत नाही.)

कोर्टाचे साहेब आले, सोफ्यावर बसून लिहू लागले.

"साहेब, हे लिहू नका. शेजाऱ्यांचे आहेत," अंघोळीहून आलेला कारागीर म्हणाला.

"सांगायची काय गरज होती?" बायको पुटपुटली.

शेजाऱ्यांना बोलावणं गेलं. निवृत्त मास्तर आले, सलूनवाला आला.

"सोफ्यांची पावती?" साहेबांनी विचारलं.

मास्तर पंख्याकडे बघू लागले. "सोफा यानेच बनवलाय. याला थोडे द्यायचे राहिलेत."

"थोडे म्हणजे?"

"सगळे."

"माझंही तसंच," सलूनवाला म्हणाला. "हाच म्हणाला, घाई नाही."

"घाई नाही?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि मला म्हणता, लोक बुडवतात."

साहेबांनी बेरीज केली. "हे येणं धरलं तर देणं फिटून वर उरतं. दिवाळखोर कसले तुम्ही?"

"पण आज खिशात दमडी नाही. फोमवाला मशीन उचलून नेईल."

"मग यांच्याकडून आज घ्या."

मास्तरांनी आणि सलूनवाल्याने खिसे चाचपले.

"सोफाच ठेव बाबा," मास्तर म्हणाले. सलूनवाल्याने लगेच मान डोलावली. साहेब अर्ज फेटाळण्याची शिफारस लिहून गेले.

"विकू दोन्ही, फोमवाल्याच्या तोंडावर पैसे मारू," कारागीर म्हणाला.

"विकाल हो. आधी बसा तरी जरा."

तो मास्तरांच्या सोफ्यावर टेकला. सरकला. पुन्हा सरकला. उठून दुसऱ्यावर बसला.

"काय झालं?"

"स्प्रिंग टोचतेय."

"दोन्हीची?"

तो उठून उभाच राहिला.

"तरीच मास्तर उभ्याने पेपर वाचतात," बायको म्हणाली, आणि शिवण उसवायला कात्री त्याच्या हातात दिली.