बाईंना ब्रेक लागत नाही

"वेग आणि अवघडपणा यांचा मेळ घालावा तर आम्हीच," असं वळणराव ऑफिसभर सांगत फिरायचे. शर्यतीच्या गेमसाठी रस्ते आखणं हे त्यांचं काम, आणि वळणांच्या हौसेपायी हे नाव त्यांना चिकटलेलं. पण त्यांचा नवा घाट मोठ्या बाई स्वतः खेळून बघणार असं कळलं आणि त्यांचं सांगत फिरणं बंद झालं.

बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण. ब्रेक लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. मग पहिल्याच वळणावर गाडी दरीत जाई आणि बाई म्हणत, "रस्ताच चुकलाय." मागच्या वेळी असा 'चुकलेला' रस्ता आखणाऱ्या गृहस्थाची नोकरी दुपारच्या चहाआधी गेली होती.

वळणरावांनी वेग कमी केला, तर गाडी रांगायला लागली. वाढवला, की थेट दरी. शेवटी घाबरून त्यांनी एक चोरटा उपाय काढला. वळण आलं, की गाडी गुपचूप आपली आपणच ब्रेक लावणार आणि वळणार. किती मदत पुरे, हे बघायला त्यांनी घरी आत्याला खेळायला बसवलं. आत्यानं उभ्या जन्मात सायकलही चालवली नव्हती.

"अरे, दरी आली रे," म्हणत तिनं डोळे गच्च मिटले आणि हातातला कंट्रोलर मांडीवर टाकला. वळणराव मदत वाढवत गेले. ॲक्सिलरेटरसुद्धा गाडीवरच सोपवला.

"पोचले का मी?"

"पहिली आलीस, आत्या."

दुसऱ्या दिवशी तीच, आत्यासाठी सेट केलेली गाडी घेऊन बाई खेळायला बसल्या. मागे सगळं ऑफिस उभं. पहिलं वळण झोकात पार पडलं. बाई खूश झाल्या, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवून बोलत बसल्या. गाडी मात्र थांबेना. एकेक वळण घेत ती निघाली. बाई वळल्या, तेव्हा पडद्यावर त्यांचा पहिला नंबर झळकत होता.

"मी तर फोनवर होते. मग चालवली कुणी?"

सगळ्यांनी वळणरावांकडे पाहिलं. ते घाईघाईनं पुढे झाले.

"गाडीच चालली, बाई. पहिल्या वळणावर तुमचं बघून शिकली."

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं बरोबरच होतं. ब्रेक लागतच नाही."

"नाही लागत."

"उगाच मी इतकी वर्षं ड्रायव्हर ठेवला. आज त्याला सुट्टी. चला, तुम्हाला मीच घरी सोडते. वाटेत घाट लागतो ना तुमच्या?"

खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर जीव. वळणरावांनी गाडीपर्यंत जाताना यावर फार विचार केला. मग ते मुकाट्यानं पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा नीट लागलाय ना, ते दोनदा ओढून पाहिलं.