उरकुडेकाकांचं एचडी

भारताची मॅच रंगात आलेली असताना पाऊस यावा म्हणून हात जोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेत चौकार बसला की घराघरातून आरडाओरडा होतो, आणि उरकुडेकाकांच्या घरातून आवाज येतो, "ढग दिसून राह्यले का कुठं?" एकदा तर केळझरच्या गणपतीपुढे नारळ फोडून आले. काकूंनी विचारलं, काय मागितलं? म्हणाले, "बंगलोरले पाऊस. जास्त नाई, अर्धाच तास."

गल्लीतली मंडळी त्यांना पनवती म्हणायची. म्हणोत बापडी. मला कारण ठाऊक होतं. काकांचा एकुलता मुलगा विनोद बंगलोरच्या मैदानावर कामाला होता. गवत कापायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि पाऊस आला की पंधरा-वीस जणांबरोबर कव्हर ओढत धावायचं. टीव्हीवर तो दिसायचा तो तेवढाच. पाऊस नाही, तर विनोद नाही.

आणि काकांना तो फक्त टीव्हीवरच दिसू शकत होता, कारण बापलेकांचं बोलणं बंद होतं. काका एसटीतले कंट्रोलर. तीस वर्षं वर्ध्याच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले, पण तो माइक काही गळ्यातून उतरला नाही. भाजीला वेळ लागला की जेवणाच्या पाटावरून घोषणा, "मेथीची भाजी आज उशिरानं सुटत आहे, नोंद घ्या." हे 'नोंद घ्या' दिवसातून पन्नास वेळा. तर अशा माणसानं मुलाचा कंडक्टरच्या परीक्षेचा फॉर्म स्वतः भरला, आणि परीक्षेच्या दिवशी पोरगा कुठल्याशा टूर्नामेंटची खेळपट्टी चोपायला गेला. काका भडकले. "मातीच चोपाची असंल तर या घरात पाय नको ठेवजो!" विनोदही त्यांचाच मुलगा. नाही ठेवला पाय. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

"फोन त्यानं कराले पायजे," काका म्हणत. "मी बाप हावो त्याचा."

पुढे एका पावसात थांबलेल्या मॅचमध्ये काकांनी त्याला ओळखलं. डावा पाय जरा बाहेर टाकत पळायची त्याची लहानपणापासूनची सवय. पण चेहरा? चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यात काय दिसणार, कपाळ!

अशात एचडी आलं. जाहिरातीत म्हणे, मैदानावरची गवताची पातन् पात मोजून घ्या. काकांनी त्याच दिवशी डिशवाल्याला फोन लावला. मला म्हणाले, "मॅडम, गवत दिसते म्हणजे गवत कापणाराबी दिसंनच ना?" मी शाळेत विज्ञान शिकवते, पण मीही मान डोलावली.

बॉक्स आला. चित्र होतं तसंच. कंपनीचा माणूस आला, म्हणाला, "काका, टीव्ही जुना हाये, डबा. याच्यात एचडी दिसत नाई." काकांनी भिंतीवर टांगायचा चपटा टीव्ही आणला. त्या माणसानं परत येऊन वायरी जोडल्या, सही घेतली, गेला. चित्र पुन्हा तसंच! फक्त कोपऱ्यात 'एचडी' अशी अक्षरं तेवढी ठसठशीत.

मग सुरू झालं कस्टमर केअर. माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. काका एरवी अस्सल वऱ्हाडी, पण फोन हातात आला की स्टँडवरची मराठी.

"नोंद घ्या, वर्ध्याहून उरकुडे बोलत आहे. चित्र धूसर आहे."

"सर, बॉक्स बंद करून पुन्हा चालू करा."

"केला."

"कार्ड काढून, पुसून परत घाला."

"पुसलं. माझ्या चष्म्यापेक्षा ते कार्ड साफ आहे आता."

"आपली तक्रार पुढे पाठवली आहे, सर. मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

"आधी पहिली तर करा!"

एकदा त्या पोरीनं बिचारीनं मनापासून विचारलं, "सर, नेमकं काय बघताना अडचण येते?" काकांनी टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चेहरा." "कोणाचा, सर?" "कोणाचाबी," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी स्टँडवरची मराठीही विसरले.

त्यात त्यांच्या घरावर कडुलिंबाची सावली, म्हणून डिश माझ्या गच्चीवर. एकदा बंगलोरला आणि वर्ध्याला एकदमच पाऊस आला. तिकडे विनोद धावला असणार, इकडे पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. मी वर जाऊन बघते तर काका डिशवर छत्री धरून उभे, स्वतः नखशिखांत भिजलेले. मी ओरडले, "अहो काका, छत्रीनं सिग्नल येतो का?" तर म्हणतात, "तुम्ही खाली जाऊन पाहा तं खरं!" गेले मुकाट्यानं. नव्हता आला.

असे पाच महिने गेले. शेवटी मीच वैतागून देवळीचा एक ओळखीचा मेकॅनिक बोलावला. त्यानं टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि हसतच बाहेर आला. "काका, हे लाल-पिवळी पिनवाली वायर कोणं लावली? याच्यातून एचडी येतच नाई. बॉक्सच्या खोक्यात काळी जाड वायर असंल ना कंपनीची?"

काका रुबाबात उठले. गोदरेजच्या कपाटातून, शालींच्या खालून, प्लास्टिकसकट वायर काढून आणली. "ते काय, हे हाये ना. त्या माणसाच्या हातात देलीच नाई मी. म्हटलं नवी वस्तू हाये, काऊन खराब करा? चांगली जपून ठेवली."

मेकॅनिक माझ्याकडे पाहायला लागला, मी छताकडे.

त्यानंतरच्या पंधरवड्यात बंगलोरला मॅच होती. आमच्याकडे लख्ख ऊन. दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "मॅडम, या लवकर! तिकडं ढग आले!" मी धावले. पावसाला सुरुवात झाली, पंच आत निघाले, माणसं कव्हर घेऊन पळाली आणि कॅमेरा नेमका जवळ गेला. विनोद! पडदाभर चेहरा. हनुवटीवरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसलं. वाऱ्यानं त्याची टोपी उडाली, त्यानं हसत भिजल्या डोक्यावरून हात फिरवला, आणि लगेच जाहिराती लागल्या.

मला वाटलं काका टाळ्या पिटतील. ते बसूनच राहिले. मग म्हणाले, "केस पिकले त्याचे. अर्धं डोकं पांढरं झालं. मले माहीतच नाई."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन वर्षं झाले. तिकडच्या पाण्यानं झाले म्हणते थो."

काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आता सांगायला हरकत नाही. काकूंनी मला शपथ घातली होती म्हणून तुम्हालाही बोलले नाही. दर रविवारी काका दुपारी झोपले की काकू माझ्या फोनवरून विनोदशी बोलायच्या. आता हे गरजणार असं वाटून मी दाराकडे सरकले.

काका गरजले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले, "नंबर सांग."

काकूंनी दहाचे दहा आकडे एका दमात सांगितले. हातातला तांदळाचा दाणाही खाली ठेवला नाही.

एव्हाना तिकडे कव्हरं टाकून झाली असणार; काकांनी माझाच फोन मागून घेतला आणि लावला. घंटी वाजली. पलीकडून "हॅलो, आई?" एवढं मलाही ऐकू आलं. तीस वर्षं अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं बोललेला माणूस नुसता घसा खाकरत राहिला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"विन्या," काका म्हणाले, "मी बोलून राह्यलो... अरे, काय बोलाचं ते मंग बोलजो. आधी डोकं पूस."